पिंगच्या चौकटीतला अर्धविराम

वडगावचे काका राऊटर घेऊन आले ते भाजीच्या पिशवीतून. वर मेथीची जुडी, खाली राऊटर आणि त्याला गुंडाळलेली अडॅप्टरची वायर. "हे बघ की रे जरा. पुण्याच्या पोराशी बोलायला लागलं की नुसतं चाक फिरतंय. आणि मोबाईलवर काय वाट्टेल ते उघडायलंय. तुझ्या काकूला तर फोन हातात घ्यायची लाज वाटायलीय."

शहापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. बेळगावच्या पावसाळ्यात ते चालतं जळक्या अडॅप्टरांवर. रात्री वीज कडाडली की सकाळी दोन-तीन माणसं पायरीवर उभी असतातच. त्यामुळे आधी अडॅप्टरला मीटर लावला. तो ठणठणीत होता. मग राऊटर चालू केला, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं आणि आत डोकावलो.

डीएनएसच्या रकान्यात दोन अनोळखी पत्ते होते. घरातला प्रत्येक मोबाईल "अमुक बँक कुठं राहते?" असं राऊटरला विचारतो, आणि राऊटर त्या रकान्यात ज्याचा पत्ता असेल त्याला विचारून सांगतो. त्या जागी कुणी आपला माणूस बसवला, की तो दाखवेल ते घर खरं. काकूंना लाज आणणारी पानं तिथूनच येत होती.

टाचणी घालून रिसेट केलं, डीएनएस नीट भरला आणि काकांना दिला. पासवर्ड मात्र कारखान्यातून आलेला तसाच ठेवला. कबूल करतो, तेव्हा माझी सवयच ती होती. नवा पासवर्ड काका विसरणार आणि रात्री साडेनऊला फोन मला येणार, हे ठरलेलं.

पाचव्या दिवशी काका परत. ह्या वेळी पिशवीत मेथी नव्हती. रकान्यात तेच दोन पत्ते.

तेव्हा सगळं उघडून पाहिलं. 'रिमोट मॅनेजमेंट' चालू होतं, म्हणजे राऊटरचं हे आतलं पान घराबाहेरून, कुठूनही उघडता येत होतं. बसवणाऱ्या पोराने आपल्या सोयीसाठी ठेवलं असणार. प्रत्येक तक्रारीला घरी यायला नको. आमच्या भागात त्याच मॉडेलचे डबे किती घरांत आहेत ते मला ठाऊक होतं, कारण माझ्या स्वतःच्या घरी तोच होता. त्याला फोन केला तर म्हणाला, "नाळे बर्तीन्री." उद्या येतो. तो उद्या अजून यायचाय. रिमोट बंद केलं, पासवर्ड बदलला, एका कागदावर लिहून काकांच्या देवघरातल्या पंचांगात ठेवायला सांगितला. त्यानंतर ते पत्ते काही परत आले नाहीत.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण रिमोटचं बटण शोधताना त्याच्याच शेजारी एक पान दिसलं होतं, 'डायग्नोस्टिक्स'. त्यात एक चौकट, तिच्यासमोर 'पिंग' लिहिलेलं बटण. चौकटीत पत्ता टाका, राऊटर त्या पत्त्याला चार हाका मारतो आणि किती उत्तरं आली ते खाली दाखवतो. शेकडो वेळा मी ते पान वापरलंय. माझा भाचा उद्यमबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. त्याला रात्री जेवताना काकांची हकीकत सांगितली, तर तो विचारतो, "मामा, ती पिंगची चौकट आतमध्ये शेलला देतात का हो?"

मला प्रश्न कळला नाही. मग त्याने घरच्याच राऊटरवर दाखवलं.

ह्या डब्यांच्या आत एक लहानसं लिनक्स असतं आणि त्याच्या आज्ञांचा गठ्ठा, बिझीबॉक्स. पान दाखवणारा प्रोग्राम स्वतः पिंग करत नाही. तो एक ओळ तयार करतो, 'पिंग, चार वेळा,' आणि पुढं तुम्ही चौकटीत लिहिलेलं जसंच्या तसं चिकटवतो. ती ओळ शेलच्या, म्हणजे लिहिलेल्या आज्ञा वाचून पाळणाऱ्या प्रोग्रामच्या, हातात देतो. शेलच्या व्याकरणात अर्धविराम म्हणजे एक आज्ञा संपली, दुसरी सुरू झाली. मग पत्त्यानंतर अर्धविराम देऊन कुणी दुसरी आज्ञा लिहिली तर? चौकटीने पत्ता मागितला होता, पण मिळालेला मजकूर पत्ताच आहे का हे मध्ये कुणी बघतच नाही.

भाच्याने पत्ता, अर्धविराम आणि 'आयडी' एवढंच लिहिलं. आयडी म्हणजे 'मी कोण म्हणून काम करतोय' हे विचारणारी निरुपद्रवी आज्ञा. पान लगेच लाल झालं: पत्ता अवैध.

"बघ, अडवलं की," मी म्हणालो.

"मामा, ही लाल अक्षरं तुमच्या लॅपटॉपने लिहिली. डब्यापर्यंत काही गेलंच नाही."

तपासणी होती ती फक्त ब्राउझरात, जावास्क्रिप्टमध्ये. म्हणजे लग्नात दारावर आहेर लिहून घेणारा बसवायचा आणि मांडवाची मागची बाजू उघडी टाकायची. भाच्याने पानाला बाजूला सारलं आणि तीच विनंती सरळ डब्याकडे पाठवली. उत्तर कोरं आलं. मला हायसं वाटलं, त्याला नाही. त्याने 'आयडी'च्या जागी 'स्लीप १०' लिहिलं, दहा सेकंद झोप. एरवी तीन-चार सेकंदांत येणारं पान तेराव्या-चौदाव्या सेकंदाला आलं. 'स्लीप २०' केलं, तेविसाव्याला आलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो होतो. डबा आमचं ऐकून झोपत होता. थोड्या खटपटीने आयडीचं उत्तरही निकालाच्या चौकटीत उमटलं: यूआयडी ०, रूट. रूट म्हणजे त्या डब्यातला सर्वेसर्वा. ज्याला पिंग सांगायची मुभा, त्याला सगळंच करायची मुभा.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचं फर्मवेअर, म्हणजे डब्याला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, उतरवून घेतलं. भाच्याने बिनवॉक नावाच्या साधनाने ते उकललं, आतली स्क्वॅशएफएसची फाइलप्रणाली बाहेर काढली आणि वेब सर्व्हरच्या फाइलमधली वाचता येणारी अक्षरं गाळून काढली. त्यात ती ओळ जशीच्या तशी पडलेली होती, पिंग, आणि पुढं तुमच्या मजकुरासाठी सोडलेली जागा. अशीच जागा आणखी दोन ठिकाणी होती, त्यातली एक घड्याळ जुळवणाऱ्या सर्व्हरच्या नावासाठी.

काकांना हे सांगायला गेलो तेव्हा मी शेल, रूट असं बरंच बडबडलो. काका आयुष्यभर विणकर. वडगावातले कितीतरी माग बंद पडले तसा त्यांचाही पडला, पण डोकं अजून मागावरच आहे. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "म्हणजे जकार्डच्या पुठ्ठ्यासारखं. भोक असेल तसा दोरा उचलायचा. ते भोक नक्षीचं आहे का उंदरानं पाडलंय, मागाला काय कळतंय?" ह्याहून नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही, कॉलेजवाल्या भाच्यानेही नाही.

आम्हाला वाटलं होतं, काहीतरी नवं सापडलं. चार रात्री वाचून काढल्यावर कळलं की हा रोग जुना आणि घरोघरचा. २०१८ मध्ये डासान कंपनीच्या फायबरवाल्या घरगुती राऊटरांत थेट आमचीच चौकट निघाली होती, पिंगचीच. सुरक्षेतल्या दोषांच्या जागतिक यादीत सीव्हीई-२०१८-१०५६२ असा तिचा क्रमांक. वर आणखी एक भोक असं की लॉगिनसुद्धा टाळता येत होतं. टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स२१ मध्ये तर देशाचं नाव निवडायच्या जागी आज्ञा घुसत होती, तीही लॉगिनशिवाय. डिसेंबर २०२२ मध्ये टोरांटोच्या पोन-टू-ओन ह्या हॅकिंगच्या स्पर्धेत ती दाखवली गेली, मार्च २०२३ मध्ये दुरुस्त फर्मवेअर आलं, आणि एप्रिलमध्ये मिराई जातीचं बॉटनेट, म्हणजे चोरून ताब्यात घेतलेल्या यंत्रांची फौज, ती भोकं हुंगत फिरत होतं. दुरुस्ती आली म्हणजे घराघरांत पोचली असं नसतं, हे त्या बॉटनेटवाल्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक.

नोव्हेंबर २०१६ ची हकीकत मला सगळ्यांत चटका लावून गेली. राऊटर दुरून सांभाळता यावा म्हणून ७५४७ क्रमांकाचं एक दार असतं. त्या दारातून काही राऊटरांना वेळेच्या सर्व्हरचं नाव म्हणून आज्ञा पाठवता येत होती, आणि मिराईने तीच वाट धरली. जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट गेलं. गंमत अशी की जर्मनीतल्या त्या डब्यांना ही आज्ञा लागूच पडत नव्हती. नुसत्या दार ठोठावण्यानेच ते कोलमडले.

भाच्याला मग सुरसुरी आली. आपल्या भागातले किती डबे असे उघडे आहेत ते बाहेरून शोधून बघूया म्हणाला. त्याला तिथंच दटावलं. स्वतःच्या डब्यावर काय वाटेल ते कर. दुसऱ्याच्या डब्यात परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं. हेतू चांगला होता हे पोलिस स्टेशनात सांगत बसायचं, तेही कन्नडमध्ये, म्हणजे माझी परीक्षाच.

कंपनीला लिहायचं ठरलं. सुरक्षेसाठी वेगळा पत्ता कुठं सापडेना, म्हणून ग्राहकसेवेला लिहिलं. पायऱ्या, मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती, पडद्याचे फोटो, सगळं. दोन दिवसांत उत्तर: कृपया राऊटर रिसेट करून पाहा, समस्या सुटली का ते कळवा. पुन्हा लिहिलं. आठवड्याने दुसऱ्या कुणाचं तरी उत्तर आलं की ह्या पानाला लॉगिन लागतं, त्यामुळे हा दोष धरता येणार नाही.

ह्यावर मात्र माझं डोकं फिरलं. मी जवळच्या ओळखीतल्या अकरा घरांत जाऊन, त्यांच्यासमोर, त्यांना विचारून बघितलं. आठ घरांत पासवर्ड कारखान्याचाच. त्यातल्या तीन घरांत राऊटर मी स्वतः लावलेला. आणि लॉगिनची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. तुम्ही राऊटरच्या पानात लॉगिन करून ते तसंच उघडं ठेवलंत आणि दुसऱ्या टॅबमध्ये एखादी वाईट साइट उघडली, तर ती साइट तुमच्याच ब्राउझरकरवी डब्याला विनंती पाठवू शकते. डब्याला वाटतं मालकच बोलतोय. आपल्याकडे बरीच घरं कंपनीच्या सामायिक पत्त्याआड असतात, बाहेरून थेट दिसत नाहीत, म्हणून आपण निर्धास्त. पण ही वाट आतूनच येते. भाच्याने आमच्या घरच्या डब्यावर तसं करून त्याचा व्हिडिओ केला. तो कंपनीला पाठवला आणि सोबत सर्ट-इनलाही सगळं कळवलं. कायद्याच्या कलम ७०बी प्रमाणे ह्या कामासाठी नेमलेली देशाची संस्था तीच. तिथून पोच आली, क्रमांक मिळाला. ह्यानंतर कंपनीच्या पत्रांतला सूर बदलला. पहिल्यांदाच खाली सही करणाऱ्याच्या नावापुढं 'इंजिनिअर' होतं.

मग वाट बघणं. जाहीर बोलण्याआधी नव्वद दिवस द्यायचे अशी ह्या क्षेत्रात एक रीत आहे. आम्हीही कुठं बोललो नाही. दुकानात कुणी तो डबा आणला की मी पासवर्ड बदलून, रिमोट बंद करून द्यायचो आणि कारण विचारलं तर "पावसाळ्याचं आहे हो" म्हणायचो. लोकांना ते पटायचं.

साडेतीन महिन्यांनी फर्मवेअर आलं. भाच्याने जुनं आणि नवं शेजारी ठेवून उकललं आणि कपाळावर हात मारला. त्यांनी अर्धविराम अडवला होता आणि उभी रेघ अडवली होती. बस्स. शेलला आज्ञा सांगायच्या खुणा एवढ्याच नाहीत. उलटं अवतरणचिन्ह आहे, डॉलर आणि कंस आहे, दोन अँड आहेत, नवी ओळ आहे. उलट्या अवतरणचिन्हात 'स्लीप २०' घातलं आणि आम्ही पुन्हा घड्याळाकडे बघत बसलो. बावीस सेकंद.

पुन्हा पत्र. ह्या वेळी भाच्याने औषधही लिहून दिलं. वाईट खुणांची यादी करून त्या गाळत बसू नका, एखादी सुटणारच. पत्त्यात जे असू शकतं, आकडे, अक्षरं, टिंब, आडवी रेघ, तेवढंच घ्या. सुरुवातीला रेघ चालू देऊ नका. आणि मुख्य म्हणजे शेलला मध्ये घेऊच नका. पिंगला सरळ हाक मारा आणि पत्ता वेगळा, त्याच्या हातात द्या. मग त्यात अर्धविराम असला तरी तो पत्त्यातलं एक चुकीचं अक्षर ठरेल. काकांच्या भाषेत, असल्या पुठ्ठ्यांची भोकं बुजवत बसू नका, तो पुठ्ठा मागाला लावूच नका. दुसरं फर्मवेअर दीड महिन्यात आलं आणि ते बरोबर होतं. तिन्ही जागा दुरुस्त. आमचं नाव कुठं नव्हतं. भाच्याला त्याचं वाईट वाटलं, मला तेव्हा पुढच्या कामाचीच धास्ती होती.

कारण हा डबा स्वतःहून फर्मवेअर घेत नाही. कुणीतरी जाऊन घालावं लागतं. दुकानाबाहेर पुठ्ठ्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून लावलं: ह्या मॉडेलचा राऊटर असेल तर घेऊन या, पैसे नाहीत. माझं कन्नड बोलण्यापुरतं. शेजारच्या शिंपीमामांनी त्यातल्या चार चुका काढल्या आणि 'पैसे नाहीत' दोनदा लिहायला लावलं. तरी पहिल्या आठवड्यात आले दोघं. राऊटर काढला म्हणजे घरातलं इंटरनेट बंद, आणि चालू असलेलं कोण काढून आणतो? शेवटी रविवारी दुपारी मीच निघायला लागलो. टिळकवाडी, अनगोळ, हिंदवाडी. स्कूटरच्या पुढ्यात यूपीएस, कारण फर्मवेअर घालताना मध्येच लाईट गेली तर डबा कायमचा दगड होतो. अनगोळात यूपीएस असूनही एक झाला, घरातल्या छोट्याने वायर ओढली म्हणून. नवा माझ्या खिशातून दिला. घरात बायकोने हिशोब विचारला तेव्हा मी पावसाळ्याचंच कारण सांगितलं, पण तिला ते पटलं नाही.

घरोघरी एकच अनुभव. मी सांगायला लागलो की माणसं ऐकतात, मान हलवतात, आणि विचारतात, "मग स्पीड वाढणार का?" त्यांचं चुकत नाही. डबा विकणारा विकून मोकळा, बसवणारा बसवून मोकळा, आणि घरात त्याच्यावर फक्त रुमाल टाकलेला असतो. सेटिंगची पानं इंग्रजीत, बिलाचा मेसेज कन्नडमध्ये, बंद पडल्यावर शिव्या मराठीत. ह्यातलं नेमकं कुणी त्याच्याकडे बघायचं?

सहाव्या-सातव्या घरी दुसरंच लफडं कळलं. डब्याच्या पोटावरच्या चिकटपट्टीत बारीक अक्षरात हार्डवेअर आवृत्ती लिहिलेली असते. दुरुस्त फर्मवेअर होतं आवृत्ती २ साठी. आवृत्ती १ चं उत्पादन कधीच थांबलेलं; कंपनीने एका ओळीत कळवलं की त्याला आधार दिला जात नाही. भाच्याने ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राऊटरसाठीचं खुलं, फुकट फर्मवेअर, घालून बघू म्हटलं. पण त्या डब्यात फ्लॅश ४ एमबी आणि रॅम ३२ एमबी, आणि एवढ्याशा जागेत आताच्या आवृत्त्या बसत नाहीत असं ओपनडब्ल्यूआरटीवाले स्वतःच सांगतात. म्हणजे त्याला इलाज एकच, बदलणे. नऊशे-हजार रुपये. चालू असलेल्या वस्तूसाठी.

काकांचा डबा आवृत्ती १ चा निघाला. त्यांना समजावायला मला वेळ लागला नाही. पुठ्ठ्याची गोष्ट त्यांचीच होती. पुण्याच्या पोराने पैसे पाठवले, मी नवा आणून लावला, आपोआप फर्मवेअर घेणारा. पासवर्ड पुन्हा पंचांगात. काकूंनी कुंदा दिला, वर पुण्याच्या पोराला व्हिडिओ कॉल लावून "आता तुझं तोंड नीट दिसतंय" म्हणाल्या.

निघताना मी जुना डबा मागितला. तो फोडून टाकायचा होता, दुकानात मी असे वेगळे ठेवतो.

काका चप्पल घालता घालता म्हणाले, "तो होय? चालू होता की रे, फेकायचा कशाला. मेव्हणा आला होता परवा, खानापूरला नवीन कनेक्शन घेतलंय त्यानं. त्याला दिला."

मी खिशातून वही काढली. "काका, मेव्हण्यांचा पत्ता सांगा."